पटावरचा न्याय

बुद्धिबळाच्या खेळाविषयीं सुशिक्षित लोकांत एक समजूत फार दृढ आहे. ती अशी कीं, ह्या खेळांत भांडणास मुळीं जागाच नाहीं. क्रिकेटमध्यें चेंडू बॅटीला लागला कीं नाहीं ह्याविषयीं दोन मतें होऊं शकतात. कुस्तींत पाठ जमिनीला टेंकली कीं नाहीं ह्यावरून आखाड्यांत दंगल उसळूं शकते. बुद्धिबळाचा कारभार मात्र सगळा उघडा. चौसष्ट घरें, बत्तीस मोहरीं आणि समोरासमोर बसलेलीं दोन माणसें. फांसे नाहींत, झांकलेलीं पानें नाहींत, वाऱ्यापावसाची सबब नाहीं. मग वाद उत्पन्न व्हावा तरी कशावरून?

ज्यानें एखाद्या स्पर्धेच्या दालनांत दोन-चार दिवस काढले आहेत, त्याला हा प्रश्न पडणार नाहीं. आमच्याकडे महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्याबरोबरच बुद्धिबळ-मंडळाचें कामहि गेलीं वीस-बावीस वर्षें आहे, आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत पंच म्हणून बसण्याचा प्रसंग आम्हांवर वारंवार आलेला आहे. त्या अनुभवावरून आम्ही असें सांगूं शकतों कीं, ह्या खेळांतील वादाचें मूळ बुद्धींत क्वचितच असतें. तें असतें हातांत आणि घड्याळांत. मनानें योजलेली चाल निराळी आणि हातानें केलेली चाल निराळी, असें एखाद्या क्षणीं होऊन जातें. त्या क्षणाचें काय करावयाचें, हा प्रश्न सोडविण्यासाठीं कायद्याला पुष्कळ कलमें लिहावीं लागलीं आहेत.

फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना १९२४ सालीं पॅरिस येथें स्थापन झाली. तिचे नियम आज बहुतेक सर्वत्र प्रमाण मानले जातात. त्यांतील एक नियम आपल्या घरांतल्या लहान मुलांनाहि ठाऊक असतो: हात लावलेलें मोहरें हलविलेंच पाहिजे, आणि प्रतिपक्षाच्या मोहऱ्यास हात लावला तर, शक्य असल्यास, तें मारलेंच पाहिजे. मोहरें घरांत नुसतें नीट बसवावयाचें असेल तर हात लावण्यापूर्वीं तसें बोलून दाखवावें लागतें. त्यासाठीं ‘झादूब’ हा फ्रेंच शब्द जगभर चालतो. दुसरा नियम नियमबाह्य चालींविषयीं आहे. आपला राजा शहांत असतां तो तसाच ठेवून भलतेंच मोहरें हलविणें, प्यादें शेवटच्या रांगेंत नेऊन त्याच्या जागीं वजीर न ठेवतां घड्याळ दाबणें, किल्लेकोट करतांना दोन्ही हात वापरणें, ह्या सर्वांस आज एकच शिक्षा आहे. पहिल्या वेळीं प्रतिपक्षास दोन मिनिटें अधिक मिळतात. त्याच खेळाडूकडून त्याच डावांत दुसऱ्यांदा तसें घडलें तर डाव गेला. २०१४ पूर्वीं ही पाळी तिसऱ्या चुकीवर येत असे. अतिजलद खेळांत तर २०१८ पूर्वीं पहिल्याच चुकीला डाव जाई. आतां तेथेंहि एक चूक पोटांत घालून केवळ एका मिनिटाचा दंड करितात. आणखी एक सवलत कायद्यानें ठेविली आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यापाशीं मात करण्याजोगें बळच उरलें नसेल, तर डाव त्याला न देतां बरोबरींत सोडवितात.

नियमबाह्य म्हणजे पापमय, असें मात्र कोणी समजूं नये. जुन्या देशी पद्धतीच्या खेळांत प्यादें पहिल्या चालीलाहि एकच घर पुढें जात असे. तेथें दोन घरें पुढें टाकणें हाच गुन्हा. उलट राजाला एकदां घोड्याप्रमाणें उडी मारण्याची मुभा असे, ती आज कोणी मारली तर पंच धांवून येईल. मीर सुलतान खान हा खेळाडू ह्या देशी नियमांत वाढला, मग पाश्चात्य नियम शिकला, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशा तीन वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद त्यानें मिळविलें. एका संहितेंतील पुण्य दुसऱ्या संहितेंत अपराध ठरतें. तेव्हां दोघांनीं बसण्यापूर्वीं कोणती संहिता मान्य केली, एवढाच प्रश्न उरतो. आणि तिचा भंग झाल्यावर बोलावयाचें कोणीं, हा त्याहून अवघड प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो.

ह्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. हॉवर्ड स्टाँटन हें नांव आम्हांस प्रथम भेटलें तें शेक्सपिअरच्या नाटकांचा संपादक म्हणून. हाच गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतील अग्रगण्य बुद्धिबळपटु होता. १८४७ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या खेळाच्या मार्गदर्शक ग्रंथांत त्या काळचे नियम दिले आहेत. चुकीच्या चालीची शिक्षा काय करावी हें त्यांत पंचावर सोंपविलेलें नसून प्रतिस्पर्ध्यावर सोंपविलें आहे. त्याच्यापुढें तीन पर्याय. ती चुकीची चाल तशीच राहूं द्यावी. किंवा तें मोहरें नियमाप्रमाणें दुसरीकडे चालविण्यास भाग पाडावें. किंवा मोहरें जागच्या जागीं ठेववून चुकणाऱ्याला आपला राजा हलवावयास लावावें. ही शेवटची शिक्षा विलक्षण होती. प्यादानें केलेल्या गुन्ह्याबद्दल राजानें तटबंदी सोडून बाहेर पडावयाचें! त्यांत दंडापेक्षां सूड अधिक होता, आणि तो किती घ्यावयाचा हें ज्याची हानि झाली तोच ठरवी. दोन सभ्य गृहस्थ क्लबांत खेळत बसले असतां ही व्यवस्था कदाचित् शोभून जात असेल. परंतु समोरचा माणूस बलवान् व आपण दुबळे असूं, तर अशा व्यवस्थेंत न्याय मागण्याचा धीर कितीजणांस होईल?

आजच्या कायद्यानें सूड काढून टाकला आणि दंड ठराविक केला. तो चुकणाऱ्याचें मन पाहत नाहीं, हात पाहतो. हें कित्येकांस निष्ठुरपणाचें वाटतें. परंतु मनाचा पुरावा कोणी द्यावयाचा? १९६७ सालीं ट्युनिशियांतील सूस येथील स्पर्धेंत मिलान मातुलोविच् ह्या युगोस्लाव्ह खेळाडूनें बिलेक् ह्याच्याविरुद्ध एक घातक चाल केली, ती ध्यानांत येतांच ‘झादूब’ म्हणून परत घेतली आणि दुसरी केली. बिलेक् ह्यानें तक्रार केली. तरी परत घेतलेली चाल पंचांनीं चालूं दिली. बुद्धिबळाच्या जगानें मात्र आपला निवाडा निराळा दिला: त्या दिवसापासून मातुलोविच् ह्याला ‘झादूबोविच्’ हें टोपणनांव पडलें, आणि तें कायमचें चिकटलें. उलट बाजूचें एक उदाहरणहि सांगण्याजोगें आहे. १९७४ सालीं मॉस्को येथें कार्पोव्हशीं चाललेल्या सामन्याच्या एकविसाव्या डावांत व्हिक्टर कोर्चनॉय हा किल्लेकोट करण्यापूर्वीं उठून पंचाकडे गेला आणि त्यानें विचारलें कीं, हत्ती माऱ्यांत असतां किल्लेकोट करतां येतो काय? राजा शहांत नसावा व शहाच्या घरांतून जाऊं नये, एवढेंच बंधन आहे. हत्तीला तें लागू नाहीं. जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसानें हें विचारावें ह्याचें लोकांस हंसूं आलें. आम्हांस मात्र त्यांत हंसण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. शंका आल्यावर हात आवरून पंचाला विचारणें, ह्यापरतें शहाणपण ह्या खेळांत दुसरें नाहीं. कोर्चनॉय तो डाव जिंकला, हें जातां जातां सांगितलें पाहिजे.

आतां ज्या प्रसंगानें ह्या विषयाची नाडी आमच्या हातीं लागली, त्याकडे वळूं. १९९४ सालीं स्पेनमधील लिनारेस येथें जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह व हंगेरीची युडिट पोल्गार ह्यांचा डाव चालला होता. युडिटचें वय त्या वेळीं सतरा वर्षांचें. छत्तिसाव्या चालीस कास्पारोव्हनें आपला घोडा एका घरांत ठेवला, तेथें तो ठेवणें हानिकारक आहे असें त्याला दिसलें, आणि त्यानें तो उचलून दुसऱ्याच घरांत नेला. पहिल्या घरांत ठेवतांना बोटें सुटलीं असतील तर चाल पुरी झाली. सुटलीं नसतील तर फिरविण्याचा त्याला अधिकार होता. युडिटनें पंचाकडे पाहिलें. पंच कांहीं बोलला नाहीं. तिनेंहि तक्रार केली नाहीं. डाव पुढें चालला आणि ती हरली. एका वाहिनीच्या चित्रणांत हा क्षण टिपला गेला होता. त्यावरून नंतर असें दिसून आलें कीं, सुमारें पाव सेकंद घोड्यावर बोटें नव्हतीं. आपण मोहरें सोडल्याचें आपल्याला जाणवलें नाहीं, असें कास्पारोव्हचें म्हणणें होतें. पाव सेकंदाच्या बाबतींत तें अगदीं अशक्य म्हणतां येत नाहीं.

परंतु आमचें लक्ष घोड्यापेक्षां त्या मुलीच्या मौनाकडे अधिक जातें. त्याचें कारण तिनेंच मागाहून सांगितलें आहे. इतक्या मोठ्या स्पर्धेचें आमंत्रण तिला प्रथमच आलेलें होतें, समोर जगज्जेता होता, आणि तेथें वितुष्ट आणावें असें तिला वाटलें नाहीं. शिवाय तक्रार फेटाळली गेली तर उलट आपल्याच घड्याळावर दंड बसेल, ही भीति होती. नियम तिच्या बाजूचा होता. तो उच्चारण्याचें बळ मात्र त्या क्षणीं तिच्यापाशीं नव्हतें, आणि नियमाची रचना अशी होती कीं, तिनें पुढची चाल करण्यासाठीं मोहऱ्यास हात लावतांच तक्रारीचा हक्क संपला. पुढें २००२ सालीं मॉस्को येथें तिनें कास्पारोव्हला जलद डावांत हरविलें. त्यानें आठ वर्षांपूर्वींचा निवाडा बदलला नाहीं. पण आम्हां वाचकांच्या मनाला थोडें बरें वाटलें, एवढें खरें.

ह्यावरून कोणी म्हणेल कीं, मग प्रत्येकानें पदोपदीं तक्रार करावी. तसें झालें तर काय होतें, ह्याचेंहि उत्तर इतिहासानें देऊन ठेविलें आहे. २०१७ च्या डिसेंबरांत रियाध येथें अतिजलद डावांच्या जागतिक स्पर्धेंत मॅग्नस कार्लसननें एर्नेस्टो इनारकीएव्ह ह्याच्या राजास शह दिला. इनारकीएव्हनें राजा वांचविण्याऐवजीं आपल्या घोड्यानें उलट शह दिला. ही चाल उघड उघड नियमबाह्य होती. कार्लसननें घाईघाईनें आपला राजा शहांतून काढला. आणि इनारकीएव्हनें घड्याळ थांबवून दावा केला कीं, कार्लसनचीच चाल नियमबाह्य आहे! पहिल्या पंचानें हा दावा मान्य केला. कार्लसननें दाद मागतांच मुख्य पंचानें तो निवाडा फिरविला व डाव पुढें खेळण्यास सांगितलें. इनारकीएव्हनें नकार दिला, तेव्हां गुण कार्लसनला गेला. अपीलहि फेटाळलें गेलें. स्वतःच्या अपराधावर दुसऱ्याचा अपराध उभारण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो फसला हें योग्यच झालें.

त्याच वर्षीं कॅनडाच्या अजिंक्यपदाच्या निर्णायक अतिजलद डावांत ह्याहून नाजूक पेंच पडला. निकोलाय नोरित्सिन् ह्याचें प्यादें शेवटच्या रांगेंत पोंचलें. त्याला वजीर हवा होता. पण मारला गेलेला त्याचा वजीर प्रतिस्पर्धी बातोर साम्बुएव्ह ह्याच्या हातांत होता, टेबलावर दिसत नव्हता. वेळ संपत आलेली. नोरित्सिन्नें हत्ती उपडा ठेवला, तोंडानें वजीर म्हटलें आणि चाल केली. मित्रामित्रांच्या खेळांत उपडा हत्ती वजीर म्हणून सर्रास चालतो. पंचानें मध्यें पडून सांगितलें, हा हत्तीच. कायदा पंचाच्या बाजूस होता, कारण पटावर जें उभें आहे तेंच खरें. तोंडचा शब्द तेथें चालत नाहीं. घड्याळ थांबवून वजीर मागणें हाच सरळ मार्ग होता. डाव आणि त्याबरोबर अजिंक्यपद साम्बुएव्हकडे गेलें. तक्रार निष्फळ झाली. हातांतल्या वजिराविषयीं मात्र लोक बरेच दिवस बोलत राहिले, कारण हेतूचा निवाडा कोणासच करतां येत नव्हता.

हीं मोठ्यांचीं उदाहरणें झालीं. चार-पांच वर्षांपूर्वीं एका जिल्ह्याच्या गांवीं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेंत शेवटच्या फेरीचा शेवटचा डाव उरला होता, आणि त्या पटापाशीं पंच म्हणून आम्ही उभे होतों. एका बाजूस आमच्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी; दुसऱ्या बाजूस तालुक्याच्या एका लहान महाविद्यालयाची एकटीच आलेली मुलगी. बाकीचे पंच इतर कामांत गुंतले होते, आणि आम्ही पंच असण्यास दोन्ही बाजूंची संमति होती. डावाच्या मध्यावर आमच्या विद्यार्थ्यानें लांबून आलेला उंटाचा शह न पाहतां एक प्यादें पुढें सारलें व घड्याळ दाबलें. मुलीनें भीतभीत हात वर केला. आम्हीं तिला दोन मिनिटें दिलीं. सभोंवार आमच्याकडचीं मुलें उभीं होतीं, त्यांतलीं कांहीं हंसलीं, आणि “एवढ्यातेवढ्यावरून!” असा एक शब्दहि ऐकूं आला. आम्हीं त्यांना गप्प केलें.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्याचें प्यादें आठव्या रांगेंत पोंचलें. डाव त्याच्या हातांत आलेला होता. त्यानें प्यादें तेथेंच ठेवून घड्याळ दाबलें; वजीर शेजारींच पडलेला असून तो उचलावयाचें राहून गेलें. मुलीनें पाहिलें. तिचे डोळे प्याद्यावर गेले, तिनें एकदां सभोंवार पाहिलें, आणि ती खालीं मान घालून चालीचा विचार करूं लागली. तिचा हात मोहऱ्यास लागण्यापूर्वीं आम्हीं घड्याळ थांबविलें. दुसरी नियमबाह्य चाल, डाव मुलीचा.

त्या डावाबरोबर आमच्या महाविद्यालयाचा करंडकहि गेला. विद्यार्थी आमच्यापाशीं आला तो रागानें थरथरत. “सर, तिनें तरी कुठें तक्रार केली? आणि वजीरच होणार होता, हें काय कुणाला कळत नव्हतें?” दुसरें म्हणणें अगदीं खरें होतें. कायद्यालाहि तें मान्य आहे. अशा प्याद्याचा वजीरच झाला असें तो धरतो. म्हणजे त्याचें मन कायद्यानें अचूक ओळखलें, आणि तरीहि शिक्षा केली. हें त्याला समजावून सांगणें आम्हांस सोपें गेलें नाहीं. आम्हीं इतकेंच म्हटलें, “बाबा रे, घड्याळ दाबणें म्हणजे आपली चाल पुरी झाली असें समोरच्याला सांगणें. तूं पुरी झाली म्हणालास, आणि ती झाली नव्हती.” तो कांहीं न बोलतां निघून गेला. पुढें कित्येक दिवस वर्गांत तो शेवटच्या बांकावर बसे आणि आमच्याकडे पाहत नसे. शिक्षकांच्या खोलींतहि एक-दोघांनीं सुचविलें कीं, समोरची तक्रार करीत नव्हती तर तुम्हांस मध्यें पडावयाचें कारण काय होतें?

त्याचें कारण त्या मुलीनेंच आम्हांस सांगितलें होतें. बक्षीससमारंभ आटोपल्यावर ती नमस्कार करण्यास आली, तेव्हां आम्हीं विचारलें, “तुम्हांला दिसलें होतें ना?” ती म्हणाली, “हो सर. पण पहिल्या वेळीं हात वर केला तेव्हां सगळे हंसले. पुन्हा केला असता तर म्हणाले असते, ही खेळून नाहीं जिंकली, पंचांनीं जिंकवून दिली. आणि सर, तुम्ही त्याच कॉलेजचे.” शेवटचें वाक्य तिनें अगदीं साधेपणानें उच्चारलें, त्यांत आरोप नव्हता. तें ऐकून आम्ही निरुत्तर झालों. लिनारेसची सतरा वर्षांची मुलगी आणि ही तालुक्याची मुलगी ह्यांच्या खेळांत जमीन-अस्मानाचें अंतर. मौनाचें कारण मात्र एकच. सभोंवतालचें सगळें जग समोरच्याचें आहे असें जेव्हां वाटतें, तेव्हां नियम पुस्तकांतच राहतो.

म्हणूनच स्टाँटनच्या काळापासून आजपर्यंत कायद्याची जी वाटचाल झाली, ती आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. शिक्षा निवडण्याचा अधिकार प्रतिस्पर्ध्याच्या हातून गेला, तो पंचाकडे आला; आणि संथ डावांत तर आज पंचाला शिकवणच अशी दिली जाते कीं, दिसलेली नियमबाह्य चाल तक्रारीची वाट न पाहतां थांबवावी. एकाच पंचास पुष्कळ पटांवर लक्ष ठेवावें लागतें अशा अतिजलद खेळांत हें नेहमींच साधत नाहीं. तेथें अजूनहि बराचसा भार खेळाडूच्या धीटपणावर राहतो. पण दिशा हीच आहे, आणि ती योग्य आहे. दाद मागण्यास ज्याची जीभ कचरते त्याच्या वतीनें पाहणारा एक डोळा पटापाशीं असावा, एवढ्यासाठींच पंच तेथें उभा असतो.

घरचा खेळ अर्थात् निराळा. मे महिन्याच्या सुटींत आजोबा नातवाशीं डाव मांडून बसतात, तेव्हां “बघ हं, वजीर जातोय” म्हणून चाल परत घेऊं देतात; त्यांत मायाच असते, आणि ती असावीहि. परंतु तोच नातू उद्यां स्पर्धेला जावयाचा असेल, तर त्याला आणखी दोन गोष्टी शिकविल्या पाहिजेत. हात लावण्यापूर्वीं विचार कर, ही पहिली. ती आपण सगळेच शिकवितों. समोरच्याची चूक दिसली तर घड्याळ थांबव, हात वर कर आणि पंच येईपर्यंत स्वस्थ बैस, ही दुसरी. ती आपण शिकवीत नाहीं, कारण तक्रार करणारें मूल आपल्याला भांडखोर वाटतें. विशेषतः मुलींना तर आपण उलटेंच शिकवितों. आणि ज्यांच्या मुलानें असा डाव गमावला असेल, त्या वडील माणसांनीं समोरच्या मुलाकडे पाहून हंसूं नये. पटापाशीं उभ्या असलेल्या मंडळींनीं एवढें पथ्य पाळलें, तरी पंचाचें अर्धें काम हलकें होईल.